कोरडी तपकीर आणि मऊ तपकीर

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची ओळख ज्यांना आहे त्यांना लू म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, पश्चिमेकडून येणारे कोरडे तप्त वारे दुपारभर वाहतात आणि घरातील प्रत्येक वस्तूतला ओलावा शोषून घेतात. दारांच्या फळ्या आक्रसतात, पुस्तकांची पाने कडक होतात, ओठ फुटतात. अशा दिवसांत तपकीर ओढणाऱ्याची एक वेगळीच तक्रार असते. फाल्गुनापर्यंत गुण्यागोविंदाने नाकात जाणारी तीच तपकीर ज्येष्ठात डबी उघडताच धुळीसारखी उडते, चिमटीतून निसटते, नाकात गेली तर आग करते आणि घशात उतरली तर ठसका लावते. माल तोच, दुकान तेच, ओढणाराही तोच. मग असे का व्हावे? आणि कोरड्या तपकिरीला पुन्हा मऊ करण्याचे जे उपाय आहेत त्यांनी नेमके काय साधते? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे एका चिमटीत नाकाची रचना, हवेतील दमटपणा, वनस्पतीचे रसायन आणि आरोग्याचा एक गंभीर प्रश्न इतक्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात.

ग्वाल्हेरला मराठी माणूस शिंदेशाहीबरोबर आला. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर ह्या नावाचे शहर झाले. सरदार, कारकून, शास्त्री, वैद्य, कीर्तनकार अशी घराणी तेथे स्थिरावली आणि त्यांच्याबरोबर दक्षिणेतील चालीरीती, सणवार आणि लहानसहान सवयीही चंबळेच्या काठी गेल्या. तपकीर ही त्यांतलीच एक. घरात ‘तपकीर’ म्हणावयाचे आणि बाजारात तोच जिन्नस ‘सुंघनी’ म्हणून मागावयाचा, अशी ही दुभाषी वस्तू होय. उत्तरेत ह्या सुंघनीचा व्यापार केवढ्या प्रतिष्ठेचा होता हे काशीच्या एका घराण्यावरून समजते. हिंदीचे थोर कवी जयशंकर प्रसाद ह्यांचे घराणे तंबाखूच्या व्यापारात होते आणि ‘सुंघनी साहू’ ह्याच नावाने ते काशीत ओळखले जाई. मराठीने तर एका रंगालाच तपकिरीचे नाव देऊन टाकले आहे.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती दक्षिण हिंदुस्थानात आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असदबेग नावाच्या सरदाराने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली, परंतु ती फारशी चालली नाही. युरोपात १५६० च्या सुमारास लिस्बन येथील फ्रेंच वकील झां निको ह्याने डोकेदुखीवरील औषध म्हणून तंबाखू फ्रान्सच्या राजमातेकडे पाठविली. तंबाखूतील मुख्य द्रव्य १८२८ मध्ये हायडेलबर्ग येथील दोन तरुण संशोधकांनी वेगळे काढले. त्याला निकोटीन हे जे नाव मिळाले ते ह्याच वकिलावरून. अठराव्या शतकात तर नक्षीदार डबीतून चिमूट घेणे हे युरोपातील सभ्यपणाचे लक्षण होऊन बसले.

महाराष्ट्रात ह्या सवयीला एक वेगळे कारण मिळाले. हुक्का किंवा चिलीम तोंडाला लावावी लागते, म्हणजे उष्ट्याचा प्रश्न येतो. तंबाखू चघळली तर थुंकावे लागते. तपकिरीत धूर नाही, उष्टे नाही, पिंक नाही. त्यामुळे सोवळ्याओवळ्याची चाड बाळगणाऱ्या घरांतही डबीला मज्जाव झाला नाही. पोथी सांगणाऱ्या शास्त्रीबुवांच्या उपरण्यावर आणि घरातील वडीलधाऱ्या बाईच्या कनवटीला तपकिरीने सारख्याच सहजतेने जागा मिळविली. काही ठिकाणी ती दातांनाही लावतात. पण तो विषय निराळा. येथे विचार नाकाने ओढावयाच्या तपकिरीचाच आहे.

नाकाला ही पूड का झोंबते हे प्रथम पाहिले पाहिजे. नाकपुडीच्या तोंडाशी केस असतात. ते मोठे कण अडवितात. त्याच्या आत हाडांच्या वळशांवर ओलसर, मऊ अस्तर पसरलेले असते. त्या अस्तरावर श्लेष्म्याचा पातळ थर असून डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य केसरांच्या हालचालीने तो थर मिनिटाला पाचसहा मिलिमीटर ह्या गतीने सतत घशाकडे सरकत असतो. हवेबरोबर आलेली धूळ त्यात चिकटते आणि दहावीस मिनिटांत नाकाबाहेर काढली जाते. ह्या अस्तरात चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूची टोके पसरलेली आहेत. त्यांना काही टोचले, भाजले किंवा झोंबले की मेंदूकडे वर्दी जाते आणि शिंक येते. शिंक ही नाकाच्या पहारेकऱ्याची आरोळी होय. परक्या वस्तूला आत येऊ द्यावयाचे नाही, एवढाच तिचा हेतू असतो.

कोरडी तपकीर ह्या पहारेकऱ्याला तीन प्रकारांनी चिथावते. एक तर कोरडा कण अस्तरावर पडताच तेथील ओलावा शोषून घेतो आणि त्या जागी चुरचुर उत्पन्न करतो. दुसरे असे की, कोरडी भुकटी हवेत सुटी होऊन उडते. त्यामुळे ती नाकाच्या पुढच्या भागात न थांबता श्वासाबरोबर मागे घशापर्यंत जाते. सुमारे दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण नाकात अडकतात, त्याहून बारीक कण आणखी खोल जाऊ शकतात. तिसरी गोष्ट म्हणजे निकोटीन स्वतःच त्या मज्जातंतूंना झोंबणारे आहे. पूड जितकी बारीक तितका तिचा पृष्ठभाग अधिक आणि तितके निकोटीन एकदम सुटते. नवख्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येते ते ह्या तिहेरी हल्ल्यामुळे.

तपकीर तयार करण्याच्या ज्या निरनिराळ्या रीती आहेत त्यांचे मर्म ह्यावरून कळते. ढोबळ मानाने त्यांचे दोन मार्ग दिसतात. फ्रेंच पद्धतीत पाने मिठाच्या पाण्याने भिजवून, दाबून, दीर्घकाळ मुरवीत आणि मग ती किसून वा जाडसर दळून घेत. अशी तपकीर काळसर, दमट आणि जाड कणांची असते. ती नाकाच्या पुढच्या भागात बसते व हळूहळू वास देते. स्कॉटलंडकडील पद्धतीत पाने उष्णतेवर चांगली वाळवून पिठासारखी दळीत. ती फिकट, कोरडी आणि जहाल असते. आपल्याकडील तपकीर बहुतेक ह्या दुसऱ्या जातीची. पानातील शिरा काढावयाच्या, पान भाजून कुरकुरीत करावयाचे, खलून किंवा दळून ते वस्त्रगाळ करावयाचे, असा तिचा साधारण क्रम. दक्षिणेत मद्रासकडे तिला तुपाचा हात लावून चुन्याचा अंश मिसळण्याची पद्धत रूढ आहे. तुपाने कण किंचित जड होतात, एकमेकांना धरून राहतात, उडत नाहीत, आणि अस्तराला त्यांचा चटका कमी लागतो. चुन्याचे काम मात्र निराळे आहे. त्याचा विचार पुढे येईल.

आता ग्वाल्हेरच्या डबीकडे वळावे. तंबाखू ही हवेतील दमटपणाशी सतत देवघेव करणारी वस्तू आहे. पानात शर्करा आणि क्षार असतात. हवा ओली असली की ते पाणी ओढून घेतात आणि हवा कोरडी झाली की ते सोडून देतात. कोरड्या जातीच्या तपकिरीत पाण्याचा अंश मुळातच शेकडा दहाहून कमी असतो. उन्हाळ्यात पत्र्याची डबी दिवसातून वीस वेळा उघडली गेली की तो अंशही उडून जातो आणि हाती उरते ती निव्वळ धूळ. उलट आषाढात पाऊस लागला की तीच पूड दमट होऊन तिच्या गुठळ्या बनतात. तपकीर ‘बिघडली’ असे ज्याला म्हणतात ते बहुधा हेच असते. माल बदललेला नसतो, हवा बदललेली असते.

कोरडी तपकीर मऊ करावयाची म्हणजे तिला गेलेला ओलावा परत द्यावयाचा. परंतु तो पाण्याच्या रूपाने नव्हे, वाफेच्या रूपाने द्यावा लागतो. पुडीत पाण्याचे थेंब टाकले तर जेथे थेंब पडला तेथे चिखल होतो आणि बाकीची पूड कोरडीच राहते. म्हणून जाणती माणसे पूड उथळ काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीत पातळ पसरतात, शेजारी पाण्याची वाटी ठेवतात आणि दोहोंवर एक मोठे भांडे पालथे घालतात. चारसहा तासांत भांड्याखालची हवा दमट होते आणि पूड आपल्याला हवा तेवढा ओलावा घेते. मधून एकदोनदा ती काडीने वरखाली करावी. चिमटीत दाबली असता ती क्षणभर एकत्र राहावी आणि बोट हलविताच सुटी व्हावी, एवढा ओलावा पुरेसा समजतात. त्याहून अधिक झाल्यास ती नाकात चिकटून बसते.

ह्याच तत्त्वावरचे इतरही उपाय आहेत. पाण्याच्या माठाच्या आसपासची हवा थंड व दमट असते. डबी झाकण किंचित सैल करून तेथे ठेवली तरी काम भागते. युरोपात डबीत कच्च्या बटाट्याची वा सफरचंदाची चकती काही तास ठेवण्याची युक्ती वापरतात. पण ती चकती वेळीच काढली नाही तर बुरशी आलीच म्हणून समजावे. गुलाबपाणी किंवा केवड्याचा अर्क पुडीत न घालता कापसाच्या बोळ्यावर घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूस ठेवला तर ओलावा आणि सुवास दोन्ही मिळतात. तूप लावावयाचे तर ते कोमट, पातळ आणि अगदी थोडे असावे, आणि एका वेळी चारआठ दिवसांपुरत्याच पुडीला लावावे. उन्हाळ्यात तूप लवकर खवट होते. ओल्या बोटांनी चिमूट घेण्याची सवय तर सर्वांत वाईट, कारण त्या बोटांवरील जंतू नेमके डबीतच घर करतात.

ओढण्याच्या रीतीलाही तितकेच महत्त्व आहे. नवखा माणूस दीर्घ श्वास घेऊन चिमूट ओढतो आणि पूड थेट घशात नेतो. सरावलेला माणूस लहान चिमूट नाकपुडीच्या तोंडाशी नेऊन फुलाचा वास घ्यावा तसा हलका, तोकडा श्वास घेतो. पूड पुढच्या भागात थांबते. ठसका लागत नाही. काही महिन्यांच्या सरावानंतर तर शिंकही येईनाशी होते. तपकीर ओढणाऱ्यांना ह्याचा मोठा अभिमान वाटतो. वास्तविक ही अभिमानाची गोष्ट नव्हे. पहारेकऱ्याला रोज तोच पाहुणा दिसू लागला की तो आरोळी द्यावयाचे सोडतो, इतकाच त्याचा अर्थ.

ह्या विषयातील खरी गोम येथेच आहे. ओलावा दिला, तूप लावले, श्वास आखूड केला, म्हणजे तपकीर सोसवू लागली हे खरे. पण ह्यांपैकी कोणत्याही उपायाने तिच्यातील निकोटीन कमी झालेले नसते. कमी होतो तो केवळ शरीराचा विरोध. कोरड्या तपकिरीची एक चिमूट घेतल्यावर जो माणूस दोन तास डबीकडे पाहत नाही तोच मऊ तपकिरीच्या चार चिमटी सहज घेऊन जातो. जी वस्तू घ्यावयास सोपी, ती अधिक घेतली जाते. आणि जी अधिक घेतली जाते तिची बेडी लवकर पक्की होते. १९८० च्या सुमारास लंडनमधील संशोधकांनी तपकीर ओढणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा एका चिमटीने काही मिनिटांतच रक्तातील निकोटीन सिगारेट ओढल्यासारखे वाढते असे दिसून आले. नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे जाळे अगदी वरच्या थरात असल्यामुळे हे घडते.

चुन्याचे कोडेही ह्याच ठिकाणी उलगडते. निकोटीन दोन रूपांत असते. आम्लधर्मी मिश्रणात ते क्षाराच्या रूपात बांधलेले राहते आणि अस्तरातून सहज आरपार जात नाही. मिश्रणात चुना, पापडखार किंवा लाकडाची राख मिसळली की ते अल्कधर्मी होते, निकोटीन मोकळे होते आणि झपाट्याने रक्तात शिरते. तळहातावर तंबाखूत चुना मळणारा शेतकरी आणि तपकिरीत चुना घालणारा कारखानदार एकाच रसायनशास्त्राचा उपयोग करीत असतात. म्हणजे एका हाताने तुपाने चटका लपवावयाचा आणि दुसऱ्या हाताने चुन्याने मारा वाढवावयाचा, असा हा प्रकार आहे. घेणाऱ्याला ती मऊ वाटते. रक्ताला ती अधिक तिखट असते.

ओलाव्याचाही एक धोका आहे. तंबाखूत मुळातच नायट्रेटे असतात. दमटपणा आणि उष्णता एकत्र आली की जंतू वाढतात, ते नायट्रेटांचे नायट्राइटात रूपांतर करतात, आणि नायट्राइटांचा तंबाखूतील द्रव्यांशी संयोग होऊन नायट्रोसअमाइन नावाची कर्करोगकारक संयुगे बनतात. ओलसर तंबाखू उबदार जागी साठविली असता ही संयुगे वाढतात हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. तेव्हा ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात महिनाभराची तपकीर ओली करून ठेवणे हे तर दुहेरी नुकसानीचे होय. जुन्या काळी युरोपात तपकीर शिशाच्या पत्र्यात गुंडाळीत. ओल्या पुडीत ते शिसे उतरे आणि त्यामुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

तपकिरीविषयीची शंका काही आजची नाही. लंडनमधील वैद्य जॉन हिल ह्याने १७६१ मध्येच अति तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात झालेल्या घातक गाठींची हकीगत प्रसिद्ध करून लोकांना सावध केले होते. १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी, तंबाखूत वनस्पतींची राख मिसळून केलेली घरगुती तपकीर ओढणाऱ्या लोकांत नाकाशेजारच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा संबंध ह्या सवयीशी जोडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धूररहित तंबाखू माणसात कर्करोग उत्पन्न करते असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. तेथील भक्कम पुरावा मुख्यतः मुखाच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा आहे. तथापि नाकाच्या तपकिरीतही तीच नायट्रोसअमाइने आढळतात. धूर नसल्यामुळे तपकिरीत विडीसिगारेटमधील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नसतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण कमी वाईट म्हणजे चांगले असे होत नाही. वर्षानुवर्षांच्या तपकिरीने नाकाचे अस्तर सुजते, नाक चोंदलेले राहते, वास मंदावतो. सर्दी मोकळी व्हावी म्हणून जी चिमूट घेतली तीच पुढे कायमची सर्दी मागे लावते. ज्या ग्वाल्हेरने ख्यालगायकीला घराणे दिले तेथे तरी चोंदलेल्या नाकाची किंमत निराळी सांगावयास नको.

कायद्यानेही आता ह्या वस्तूची गय केलेली नाही. १९९२ मध्ये दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी झाली. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याच्या परिशिष्टात तपकिरीचे नाव स्वतंत्रपणे घातलेले आहे. अठरा वर्षांखालील मुलांना ती विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थांच्या शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करता येत नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत प्रौढ भारतीयांपैकी २१.४ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात धूररहित तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. त्यात नाकाने तपकीर ओढणारे थोडे. पण थोडे असल्यामुळेच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आजोबांची डबी ही घरात गमतीची वस्तू समजली जाते, व्यसन समजली जात नाही.

उन्हाळ्यात नाक कोरडे पडते, त्याला काहीतरी हवेसे वाटते, ही गरज मात्र खरी आहे आणि तिला तंबाखूवाचून उत्तरही आहे. आयुर्वेदात नस्य हा पंचकर्मांपैकी एक विधी सांगितला आहे. त्यात नळीने कोरडे चूर्ण फुंकण्याचा प्रकार आहे तसाच रोज स्नेहाचे एकदोन थेंब नाकात सोडण्याचा सौम्य प्रकारही आहे. त्याला प्रतिमर्श नस्य म्हणतात. कोरडे तीक्ष्ण चूर्ण केव्हा योजावे आणि स्निग्ध द्रव्य केव्हा, हा विवेक त्या शास्त्राने केला. तपकिरीने त्यातली केवळ पूड उचलली आणि विवेक मागे ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही. लू वाहत असताना बाहेर पडताना बोटाला पुसट तूप लावून ते नाकपुडीच्या आतल्या कडेला फिरविणे, नाकावर ओला रुमाल धरणे किंवा मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे हे उपाय निरुपद्रवी आहेत. ते पाणी मात्र आधी उकळून गार केलेले असावे. तेल नाकात ओतण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा, कारण फार तेल श्वासातून फुप्फुसांत उतरणेही बरे नव्हे.

ज्यांची सवय जुनी आहे त्यांना एका दिवसात डबी फेकून द्या असे सांगणे सोपे, पण ते बहुधा निष्फळ. निकोटीनची ओढ ही केवळ मनाची दुर्बलता नसून शरीरात मुरलेली गोष्ट आहे. ती सुटताना डोके दुखते, चिडचिड होते, झोप बिघडते आणि काही आठवड्यांत हे सर्व ओसरते. त्या काळात मदत मिळावी म्हणून शासनाने १८००११२३५६ ह्या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी सल्ल्याची सोय केलेली आहे. ज्यांना डबी सोडवतच नाही त्यांनी निदान तपकीर अधिक मऊ, अधिक सुवासिक, अधिक सोयीची करण्याच्या मागे लागू नये. ती झोंबते तेव्हा शरीर काही सांगत असते. उन्हाळ्यात ती आपोआप कोरडी होते आणि नकोशी वाटू लागते. सवय कमी करावयास ह्याहून चांगला मुहूर्त वर्षभरात दुसरा नाही. ग्वाल्हेरची लू अनेक गोष्टींसाठी शिव्या खाते. ह्या एका बाबतीत तरी तिचा उपकार मानण्यास जागा आहे.